पातेलं परत करायचं आहे

आळेफाटा
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

वैष्णवी,

वर काय लिहायचं यातच माझा अर्धा तास गेला. चि. सौ. लिहायला गेले आणि हात थांबला, कारण ते सौ. मी कधी मानलंच नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. नाव मीच ठेवलेलं आहे, ते लिहायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

तुम्ही सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही. काळी शेळी व्याली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड नाही. थंडी लई पडलीय. बिबट्यानं परवा पलीकडच्या मळ्यातलं वासरू नेलं, त्यामुळं सातच्या आत सगळ्यांची दारं लागतात. शेजारची नूतन मला रोज विचारते, मावशी, काय लिहिताय. मी म्हणते, तुझं काम कर.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी पहिल्याच वाक्याला ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागदावर मला ओरडता येत नाही, चौथी शिकलेल्या बाईला एकेक अक्षर काढावं लागतं, तेवढ्यात राग निवतो. चुका काढत बसू नको. पत्ता भागुजीभाऊंच्या द्रौपदावहिनींनी दिला.

भागुजीभाऊ गेले ते तुला माहीत आहे. तू मातीला आली होतीस. पांढरी साडी, अंगानं जरा भरलीस. मी तुला पाहिलं आणि त्यांच्या घरामागं पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिले. तू निघून जाईपर्यंत तिथंच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

भाऊ गेले वीस नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी. नेहमीसारखे आपल्या मंडप-भांड्यांच्या गोडाऊनला आले, बेल्ह्याच्या लग्नातून परत आलेली पातेली बोटानं वाजवून पाहिली, खुर्चीवर बसले, चहा सांगितला. चहा येईपर्यंत माणूस संपला होता. त्र्याहत्तर वर्षं. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. जगले तसेच गेले.

आता भाऊंचा नियम तुला ठाऊक आहे. लग्नाला, बारशाला, साखरपुड्याला मंडप आणि भांडी भाड्यानं. पण ज्या घरात माणूस गेलं तिथं भाडं नाही आणि त्या घरच्यांनी मागायला यायचं नाही. ते म्हणायचे, "ज्याचं माणूस गेलंय त्याला फोन लावायला लावायचा न्हाई. आपल्याला कळलं की निघायचं." चाळीस गावांत हे चाललं. कुठं रडण्याचा आवाज निघाला की मागोमाग भाऊंची पिकअप दारात. पाण्याचं पिंप, सतरंज्या, दोन पातेली, वर सावलीला कापड. पुढं ड्रायव्हरशेजारी भाऊ स्वतः. व्यापारी संघटनेचे अध्यक्ष झाले, मंगल कार्यालय बांधलं, चार ट्रक झाले, तरी मयताच्या घरी स्वतःच जायचे.

त्या दिवशी मयताचं घर त्यांचंच. बुद्धभूषण बापाचे पाय धरून बसलेला, चाळीस गडी खांबासारखे उभे. मीच ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, नियम विसरलात का, भरा गाडी, चला घरी. आम्ही गाडी भरून त्यांच्या दारात पोचलो तर माणसं आमच्या आधी आलेली. आणि प्रत्येकाच्या हातात भांडं.

वैष्णवी, मी खोटं वाढवून सांगणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण ते मी जन्मात विसरणार नाही. आधी ओतूरकडची एक रिक्षा आली, तिच्यात तीन पातेली. मग एका वाडीतला टेम्पो. मग घोडेगावच्या वरच्या डोंगरातली माणसं, एस.टी.नं, पितळी हंडे मांडीवर घेऊन आलेली. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं नाही म्हणे. कुणी कळशी आणली, कुणी परात, एका म्हातारीनं फक्त झारा आणला, तिच्याकडं तेवढाच होता. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या घरी भाऊंची भांडी गेली होती, त्यांनी आपापल्या घरातलं भांडं उचललं आणि निघाले. त्यांच्या दारात मागितल्याशिवाय कुणीतरी आलं होतं ना कधीतरी. बारा वाजेपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. दोनशे चौदा भांडी. नंतर मीच मोजली.

आणि सावळेरामअण्णा आले. तुला ते आठवणार नाहीत, त्यांची गोष्ट तुझ्या जन्माआधीची. भाऊंनी धंदा काढला तेव्हा त्यांच्याकडं एक सायकल आणि दोन पातेली होती. बौद्धवाड्यातल्या पोरानं भांडी भाड्यानं द्यायची म्हटल्यावर गाव हसायचं, कारण त्यात जेवणार कोण. भाऊ लहानपणी गावच्या लग्नांत मागच्या बाजूला भांडी घासायला जायचे. पंगती उठल्या की पातेल्याच्या तळाची खरवड मिळायची, तीच मजुरी. त्याच पोरानं पुढं स्वतःची पातेली आणली. सावळेरामअण्णांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात आचाऱ्यानं न विचारता ती पातेली मागवली. अण्णांना कळलं तेव्हा भात अर्धा शिजला होता. त्यांनी भातासकट दोन्ही पातेली ओढ्यात फेकली. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरले, पातेली काढली, घासली, सायकलला बांधली आणि परत गेले. 

तर तेच अण्णा, नव्वदीचे, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. खांद्यावर त्यांच्या लग्नातलं पितळी तपेलं. ते वहिनींसमोर ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले.  वहिनी म्हणाल्या, बसा अण्णा, लांबून आलात. अण्णांनी पाणी मागितलं. वहिनींनी तांब्या दिला. अण्णा तांब्यातलं सगळं पाणी प्यायले. मी समोर उभी होते, मला त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होताना दिसत होती.

मी का पाहत होते ते पुढं येईल.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज मंगळवार, दुपारी शेळ्या बांधून बसलेय.

सगळं झाल्यावर ती दोनशे चौदा भांडी ज्याची त्याला परत करायची होती. हे काम बुद्धभूषणनं माझ्याकडं दिलं, कारण चोवीस वर्षं मीच तिथं भांडी घासतेय. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं, तुला माहीतच आहे आपल्याकडची रीत. मी एकेक भांडं घासायचे, उन्हाकडं धरायचे आणि नाव वाचायचे. शाळेत जेवढं वाचलं नसेल तेवढं त्या आठ दिवसांत वाचलं. सगळ्या जातींची नावं एका ओट्यावर पालथी घातलेली. कुणाच्या लग्नातली भेट, कुणाला मामानं दिलेलं, कुणाच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव.

सहाव्या दिवशी एक लहान स्टीलचं पातेलं हाती आलं. दीड शेराचं असेल. त्यावर लिहिलेलं, चि. सार्थक रविंद्र यास नामकरणाची भेट, भागुजी आजा.

मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं माझं वाचणं चुकतंय. मग गड्याला विचारलं हे कुणी आणलं, तो म्हणाला, घोडेगावच्या नर्सबाईंनी, वैष्णवीताईंनी.

माझ्या नातवाचं नाव मला पातेल्यावर वाचून कळलं. ही माझीच करणी आहे, तुला बोल लावत नाही.

ते पातेलं मी परत पाठवलं नाही. ते माझ्याकडं आहे. फडताळात वरच्या खणात ठेवलंय.

आता भाऊंचं आणि माझं सांगते. तू लहान होतीस, तुला वाटायचं आई भाऊंकडं कामाला जाते, बस. तुझा बाप रामदास गेला तेव्हा तू चार वर्षांची. भाऊंची पिकअप आपल्याही दारात आली होती. तेराव्यानंतर दिरांनी मला सांगितलं, तुझं तू बघ. मी पंधराव्या दिवशी गोडाऊनच्या दारात जाऊन उभी राहिले. भाऊंनी विचारलं, भांडी घासशील का. मी म्हटलं घासीन. आणि वर काय बोलले माहीत आहे? काम मागायला गेलेली बाई, पदरात लेकरू, पायात चप्पल नाही, आणि मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "पर मी हितं पाणी पिनार न्हाई. माझा डबा, माझी बाटली."

भाऊ म्हणाले, "बरं."

एवढंच. मला वाटलं, बरं झालं, आधीच सांगून मोकळी झाले.

वर माझी मिजास बघ. गिऱ्हाईक आलं की कुणी कुणी हळूच विचारायचं, भांडी कोण घासतं हो. मी दारात येऊन ठणकावून सांगायचे, मी घासते, मी. म्हणजे त्यांनी समजून घ्यायचं की आपल्यातल्या बाईचा हात लागलाय. मला चोवीस वर्षं असं वाटत होतं की माझ्यामुळं यांचा धंदा चालतो. माझ्या हातानं यांची पातेली शुद्ध होतात. हे मी कुणाला उघड बोलले नाही, पण वागण्यात होतंच ते. भाऊंच्या कानावर पडायचं. ते कधी काही म्हणाले नाहीत.

धंदा माझ्यामुळं चालला नव्हता. तो माझ्या आधी पंधरा वर्षं चालू झाला होता आणि कसा चालू झाला ते मला परवा वहिनींनी सांगितलं. ओढ्याला मोठा पूर आला होता, रस्ता बंद, आणि पलीकडच्या वाडीत कुणाची तरी आई गेली. पाहुणे येऊन अडकलेले, दोन दिवस चूल नाही, लेकरं रडतात. भाऊ डोक्यावर पातेली घेऊन छातीएवढ्या पाण्यातून पलीकडं गेले. ती ओट्यावर ठेवली. आणि स्वतः लांब, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसून राहिले, पावसात. म्हणजे घरच्यांना वाटलं तर वापरा, नाही वाटलं तर हात न लावता राहू द्या. कुणावर जोर नाही. संध्याकाळपर्यंत त्या पातेल्यांत भात शिजला. त्याच वाडीनं पुढच्या उन्हाळ्यात लग्नाला भांडी मागवली. तिथून सुरुवात.

मी वहिनींना म्हटलं, डोकं चांगलं चालवलं भाऊंनी.  वहिनी म्हणाल्या, अगं, त्यांना पोहता येत नव्हतं.

आता रविवारचं. तीस तारखेला पुण्यानुमोदन झालं, भाऊंच्याच मंगल कार्यालयात. माणूस मावत नव्हतं. भंतेजींनी वंदना घेतली, सगळे उभे राहिले, मीही राहिले. मग भाषणं. मोठी मोठी माणसं. एकानं तर अर्धा तास स्वतःचंच सांगितलं, मी खालून घसा खाकरला दोनदा. पण काही गोष्टी मला नव्यानं कळल्या. लॉकडाऊनमध्ये फाट्यावर ट्रकवाल्यांना आणि चालत निघालेल्यांना भाऊंनी एक्केचाळीस दिवस जेवू घातलं, ते मला ठाऊक होतं, पातेली मीच घासत होते. पण व्यापारी संघटनेतल्या कुणीतरी सांगितलं की त्या एक्केचाळीस दिवसांत भाऊ स्वतः शेवटची पंगत उठल्यावर जेवायचे आणि उरलं नाही तर तसेच झोपायचे. जुन्नरच्या एका मास्तरणीनं सांगितलं, तिच्या आईच्या मयताला भाऊ आले तेव्हा घरात बाईमाणूस कुणी नव्हतं, भाऊंनी स्वतः चूल पेटवून तिच्या लहान भावाला कढी करून दिली. असं एकेक. प्रत्येकाकडं एक, आणि कुणाचंच दुसऱ्याला माहीत नाही. मी आपली ऐकत बसले. चोवीस वर्षं रोज ज्याला पाहिलं तो माणूस कोण होता, ते मला त्या दिवशी खुर्चीवर बसून कळत होतं.

बुद्धभूषणनं मला बोलायला उभं केलं. सगळ्यांत जुनी कामगार म्हणून. मी माईक धरला आणि म्हटलं, मी भांडी घासते, भाऊंचं कुठलंही पातेलं मी कधी खरकटं बाहेर जाऊ दिलं नाही. आणि खाली उतरले. 

मग पंगती बसल्या. मी नेहमीसारखी मागच्या दारानं सटकायला निघाले, तर एका वाढप्या पोरीनं अडवलं. म्हणाली, "सखूमावशी, तुमचा उपास ना. थांबा, केळी आणते."

मी म्हटलं, कसला उपास. ती म्हणाली, तुमचा नेहमीचा.

मी तिला झापलं. म्हटलं, मला कुठलाही उपास नसतो, चतुर्थीला ओझरला जाते तेवढीच, तुला कुणी सांगितलं. तिनं दुसरीला विचारलं, दुसरीनं आचाऱ्याला. सगळ्यांना माहीत. मंडपवाल्यांना, ड्रायव्हरांना, जुन्यांना, नव्यांना. सखूबाईंचा उपास असतो, डब्यात फराळाचं असतं, त्यांना जेवायचा आग्रह करायचा नाही. कोणता वार, तर ते त्यांचं त्यांनाच माहीत.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठिवलं व्हतं. तू लागलीस त्याच दिशी."

त्यांना कळलं होतं, वैष्णवी, की चाळीस माणसं एकत्र जेवणार आणि एक बाई रोज बाजूला जाऊन डबा खाणार, तर चार दिवसांत कुणीतरी कारण काढणार. गोडाऊनमधली निम्मी माणसं त्यांच्याच समाजातली. कुणी ना कुणी मला तोंडावर विचारलं असतं, आणि मी जशी आहे तशी, तोंडावर उत्तर दिलं असतं. मग माझं काम गेलं असतं. तुझी शाळा गेली असती. म्हणून माझा विटाळ त्यांनी उपासाच्या नावाखाली झाकला. मी त्यांचं पाणी नाकारलं आणि त्यांनी मला लोकांत देवभोळी ठरवलं. चोवीस वर्षं.

आणि केळी. गोडाऊनच्या खिडकीत रोज दोन केळी असायची. मला वाटायचं कुणी गिऱ्हाईक ठेवून जातं. साल असतं ना, मग मला चालायची, मी खायचे. तुझ्यासाठीही आणायचे, आठवतंय का, तू शाळेतून आलीस की. ती वहिनी ठेवायच्या. भाऊंनी सांगितलेलं, ती दुसरं काही घेणार न्हाई, केळी घील.

 वहिनी म्हणाल्या, आता तरी ताटावर बस. आणि मी नाही बसले. खोटं कशाला लिहू. विटाळ मानायचा प्रश्न राहिला नव्हता, आडकाठी दुसरीच होती. मी वहिनींना म्हटलं, तुमच्याकडं जेवायचा मला अजून हक्क नाही. वहिनी समजल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून चिठ्ठी काढली, तिच्यावर तुझा पत्ता. म्हणाल्या, आधी पोरीकडं जा, मग माझ्याकडं ये.

आता ते सांगते, जे सांगायला हे सगळं लिहीत बसले.

सहा वर्षांपूर्वी, ज्या दिवशी तू जुन्नरला जाऊन सही करून लग्न केलंस, त्या दिवशी सकाळी नूतननं मला खबर दिली. मी अंगणातल्या नळाखाली लुगड्यासकट बसले आणि तुझ्या नावानं अंघोळ केली. हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. तू जिवंत असताना मी तुझं सुतक फेडलं. पण पुढचं तुला कुणी सांगितलं नाही, कारण ते फक्त मला, भाऊंना आणि पिकअपवरच्या दोघांना माहीत होतं.

नूतननं मला ओलेती, केस मोकळे, रडताना पाहिलं आणि घाबरून गोडाऊनला फोन केला की सखूमावशीकडं मयताची अंघोळ चाललीय. गोडाऊनवाले कोण गेलं हे विचारत नाहीत, नियमच तसा. अर्ध्या तासात पिकअप माझ्या दारात. बांबू, कापड, पिंप, दोन पातेली. भाऊ पुढून उतरले, चपला बाहेर काढल्या, हात जोडले. गड्यांनी बांबू उतरवायला घेतले.

भाऊंनी विचारलं, "कोन गेलं, सखूबाई?"

मी म्हटलं, "वैष्णवी."

भाऊ पायरीवर बसले.  मी तुला गोडाऊनात कडेवर आणायचे, तू त्यांच्या परातीत बसून खेळायचीस. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, कधी, कशानं. मी म्हटलं, सकाळी, जुन्नरात, सही करून. आणि ज्याच्याशी केलं तो घोडेगावचा, तुमच्यातला आहे, असंही म्हटलं. तुमच्यातला. त्यांच्या तोंडावर.

 त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. मग उठले, गड्यांना बांबू परत भरायला सांगितले आणि मला म्हणाले, "जित्या मानसाच्या दारात मी हे उतरवत न्हाई, सखूबाई. पोर जिती हाय."

चपला घालताना ड्रायव्हरला म्हणाले, निघालेली भांडी न वापरता परत नेत नसतो, घोडेगावचा रस्ता धर.

तुला वाटलं असेल, भाऊ लग्नाचं कळलं म्हणून मंडप घेऊन आले. नाही. तुझ्या लग्नाचं जेवण ज्यात शिजलं ती पातेली माझ्या दारातून आली होती. तुझ्या मयताला आलेली होती. त्यांनी गाडीचं तोंड फिरवलं आणि तीच पातेली तुझ्या लग्नाला लावली.

दुसऱ्या दिवशी ती घासायला माझ्यासमोर आली. कुणी काही सांगितलं नाही, पण पातेल्यांचे नंबर मला पाठ असतात. सात आणि अकरा. सात नंबरच्या तळाला लापशी धरली होती. गुळाची, ओलं खोबरं घातलेली, तुला आवडते तशी. मी उलथनं घेतलं खरवडायला. आणि वैष्णवी, मी ती खाल्ली. बोटानं काढून काढून खाल्ली, पातेल्यात डोकं घालून. ज्या बाईनं तिथं पाण्याचा घोट घेतला नाही, जिनं आदल्या दिवशी तुझ्या नावानं अंघोळ केली, ती तुझ्या लग्नाची खरवड चाटत होती.

मान वर केली तर दारात भाऊ.

माझं बोट तोंडात. मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा पुरता हक्क होता. ते म्हणाले, "सावकाश घासा, सखूबाई. ती लापशी पोरीनं सोताच्या हातानं ढवळली व्हती." आणि बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं, दुसरं कुणी आत येऊ नये म्हणून.

त्या दुपारी नवा आचारी मला जेवायला हाक मारत होता, तेव्हा भाऊंचा आवाज मला ऐकू आला. काय बोलले ते तेव्हा नीट कळलं नाही, मी पाण्याचा नळ सोडला होता. आता कळतंय काय सांगत असतील.

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. भाऊंनीही नाही, वहिनींनासुद्धा नाही. मी वहिनींना विचारून पाहिलं.

तर येत्या रविवारी, चौदा तारखेला, मी सकाळच्या एस.टी.नं निघते. नारायणगावला बदलावी लागेल. तुझी ड्यूटी असली तर असू दे, मी थांबेन. सार्थकचं पातेलं परत करायचं आहे. ते रिकामं आणणार नाही, आपल्यात तसं आणत नाहीत. लापशी करून आणते. खोबरं घालून.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी बाहेरून ओरडणार नाही. नाही उघडलंस तर पातेलं ओट्यावर ठेवीन आणि लांब जाऊन बसेन, भाऊ गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते तशी. वाटलं तर घ्या, नाही वाटलं तर राहू दे. मला वाट बघायची सवय नाही, चहा उकळेपर्यंत मी चार वेळा उठते, पण त्या दिवशी बसेन.

रविंद्ररावांना नमस्कार सांग. जावई हा शब्द मी अजून तोंडानं म्हणून पाहिला नाही, कागदावर आज पहिल्यांदा लिहिला. जय भीम म्हणायचं जमेल का माहीत नाही. दारात सुचलं तर म्हणेन.

उघडलंस तर मला तुमच्याबरोबर बसव, वेगळं पान मांडू नको. जे शिजलं असेल ते वाढ. पाणी तुमच्या माठातलं दे. मी डबा आणणार नाही, बाटली आणणार नाही. केळी तर मुळीच काढू नकोस.

मला उपास नाही.

सार्थकची आजी,
सखू